मांडीची शीर आणि आंबेहळदीची वाटी

माणसाची मांडी पुढून मजबूत आणि मागून कच्ची असते. ही रचना सरकारी नोकऱ्या निघण्याच्या आधीची आहे, त्यामुळे तिच्यात आता दुरुस्ती होत नाही.

आदिलाबादला आमच्या दफ्तराच्या क्रीडास्पर्धा दर पौषात होत. (आंध्र प्रदेश सरकारला कर्मचारी चपळ हवे होते. कशासाठी, ते कळवलेलं नव्हतं.) शंभर मीटरच्या शर्यतीत दरवर्षी दोघे-तिघे निम्म्या वाटेवर "अगं माय" म्हणत, मांडीमागे हात धरून खाली बसत. एका वर्षी सगळेच बसले. चषक शिट्टी वाजवणाऱ्या डोमाजी शिपायाला द्यावा लागला, कारण शेवटच्या रेषेपर्यंत चालत गेलेला तोच होता. मग चौकशी समिती बसली. अध्यक्ष आमचे नरसिंगराव साहेब, लिहिणारा मी.

डॉक्टरांनी चार कारणं लिहून पाठवली होती. समितीने ती पुरेशा गांभीर्याने फेटाळली.

आखडलेला, थंड स्नायू: अशक्य. शर्यतीआधी खेळाडूंना सतरंजीवर मांडी घालून पूर्ण विश्रांती दिली जाते. त्या वेळात साहेबांचं उद्घाटनाचं भाषण होतं. आधी तेलुगूत, मग तेच उर्दूत, मग तेच मराठीत, म्हणजे कोणाचं मन दुखत नाही. मध्ये उठलं तर ज्या भाषेची पाळी असेल तिचा अपमान होतो, म्हणून कोणी उठत नाही. भाषण संपताच शिट्टी.

आधीची दुखापत: हा दोष नसून अनुभव आहे. मागच्या वर्षी ज्याची शीर ताणली त्याला शाल देऊन यंदा पहिल्या रांगेत पळवण्याची आपली प्रथाच आहे.

वय: सर्व खेळाडू चाळिशीच्या आत. व्यंकटरावांचं वय नोंदीप्रमाणे अडतीस. (त्यांना दोन नातू आहेत, ही त्यांची घरगुती बाब.)

थकवा: मान्य केल्यास रजेचे अर्ज वाढतील. अमान्य.

आता कारणच उरलं नाही. तेव्हा साहेबांना माझ्या बायकोची वाटी आठवली.

सुभद्रा दरवर्षी मैदानाच्या टोकाला, लिंबाखाली, कोमट आंबेहळदीची वाटी घेऊन बसायची. लंगडत येईल त्याला लेप लावायची. व्यंकटराव दिसले की विचारायची, "काऊन भाऊजी, यंदा कोणता पाय?"

"डावा, वयनी. उजवा मागच्या साली झाला."

साहेब म्हणाले, "पाहा उद्धवराव, वाटी पयले येते, शीर मंग जाते. जखमी झालेला हरेक माणूस वाटीपाशीच सापडला. सबब, कारण वाटी."

"साहेब, तिचं नाव नका घालू."

"नाव कोण घालून राह्यलं? 'एक महिला' लिवतो." आणि माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी स्वतः लिहिलं.

घरी सांगितलं तर सुभद्रा हसून हसून खाली बसली. "वाटीनं शीर जाते, त इतके वर्षं तुमची कशी शाबूत?"

त्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला आणि गेली. वाटी फळीवर पालथी राहिली.

मी साहेबांना म्हटलं, ते वाक्य तेवढं खोडा. मेलेल्या माणसावर ठपका नको. साहेब म्हणाले, "यंदा वाटी नाई. तरी बी कोणाची शीर गेली, त खोडतो. सरकारी जबान आहे."

आता कोणाची तरी शीर जाणं भाग होतं. मी शर्यतीत स्वतःचं नाव दिलं. पण स्पर्धेच्या सकाळी साहेबांचा घसा बसला. एकाच भाषेत आवरतो म्हणाले. तेवढ्या वेळात कोणाचीच मांडी आखडली नसती. मी धावत जाऊन त्यांना खडीसाखर आणून दिली.

"साहेब, तिन्हीत बोला. आणि गोंडी लोकं बी आले आहेत. त्यांचं मन काऊन दुखवता?"

साहेबांना गोंडी येत नव्हती. ती ते सावकाश, एकेक शब्द विचारून विचारून बोलले. उठताना माझे गुडघे वाजले आणि मला समाधान वाटलं.

शिट्टी झाली. निम्म्या वाटेवर सगळे बसले. मीही बसलो. शेजारी व्यंकटराव सवयीने लिंबाकडे पाहत होते. मग त्यांनी मान खाली घातली.

साहेब शब्दाचे पक्के. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि त्याच्यावर नवं लिहिलं: "सदर दुखापतींचं कारण, एक महिला वाटी घेऊन न येणे."

हे वाक्य खोडा असं मी म्हटलं नाही. समितीच्या हातून एवढं एकच खरं लिहिलं गेलं.

डॉक्टरांची चार कारणं अजून मिसलीत, म्हणजे समितीच्या फायलीत, तशीच पडून आहेत. तुम्ही हे सगळं एका जागी बसून वाचलंत, आणि तुमचं वयही नोंदीतलंच असणार. आता एकदम उठू नका. लेप लावायला ती नाही.