दरबारीचे थंडयंत्र बंद जाहले त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायणास सावलीत उभे राहून दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाखमासी वर्तले ते ऐसे जे: राज्यात उन्हाळा दांडगा पडिला आणि वरल्या पेठेत घरोघरी एसी नामे थंडयंत्रे अहोरात्र चालो लागली आणि त्यांनी वीज इतकी ओढिली की खालल्या पेठेतील पंखे जागचे जागी थबकले. तेव्हा महाराजांनी त्रिमळपंत कारभारी यांस आज्ञा केली की, "पंत, लोकांस समजावून यंत्रे कमी चालवावी ऐसे करणे." पंत भिडस्त गृहस्थ, त्यांस नाही म्हणवेना. दरबारी यंत्राचा गारठा ऐसा की भर वैशाखात सरदार शाली पांघरून बसत, म्हणोन "जी" म्हणताना पंतांचे दात वाजले आणि महाराजांस तो आदर वाटला.

मग पंत वरल्या पेठेत दारोदार हिंडिले. चिमाबाई सावकारीण बोलिली, "आत या नाहीतर बाहेर राहा, पण दार लोटा, गारवा जातो." सरदार गोदाजीराव बोलिले, "आम्ही सोसू हो, पण आमचे कुत्र्यास कोण समजाविणार? आणि पंत, आधी दरबारचे बंद करा, मग आमचे दारी या." बोलणे खरे होते, त्यामुळे पंतांस फारच राग आला.

तैसेच पंत खालल्या पेठेत लेकीचे घरी गेले. मथुराबाई नुकतीच बाळंत जाहली होती आणि घामोळ्यांनी लाल जाहलेल्या लेकरास सुपाने वारा घालीत बसली होती. म्हणाली, "बाबा, हा निजतच नाही. पंखा कधी फिरेल?" आपण याच कामी नेमले आहो हे पंतांस सांगवेना. थोडा वेळ सूप आपण घेतले आणि उठून निघाले.

दुसरे दिवशी भर दरबारात पंत बोलिले, "महाराज, आज यंत्र बंद ठेवावे. लोक आपणाकडे बोट दाखवितात." महाराजांची मुद्रा पालटली आणि म्हणाले, "ठेवितो. मात्र आम्हांस सोसले नाही तर उद्यापासून कारभार दुसऱ्याकडे." यंत्र थांबविले, खिडक्या उघडिल्या आणि शाली गळून पडल्या. गोदाजीराव महाराजांची स्तुती नित्य दुपार टळेतो करीत, ती त्या दिवशी "महाराज थोर आहेत, सर्वांस ठाऊकच आहे" इतक्यावर संपली. दोघा सरदारांचा बांधाचा तंटा आजोबांपासून चालत आला होता. त्यांतील एक घाम पुसत म्हणाला, "घ्या तुम्हीच, पण आता उठू द्या." आणि भात शिजण्यापूर्वी दरबार बरखास्त जाहला.

सायंकाळी महाराजांनी पंतांस बोलाविले. म्हणाले, "पंत, आम्हांस फार उकडले." पंतांनी शिक्क्याची अंगठी काढून पुढे ठेविली. महाराज हसोन बोलिले, "ती घाला. कित्येक वर्षांनी आज राणीसाहेबांसमवेत ऊन ऊन जेवलो आणि वर झोपही काढिली. यंत्र उतरवून टाका. कोणी पुसेल तर बिघडले म्हणा."

मग महाराजच दरबारी घाम गाळितात म्हणोन वरल्या पेठेत नवीच चाल पडली. अंगरखा ओला तो मानकरी, कोरडा त्यास दरबारी कोणी पुसत नाही ऐसे लोक समजो लागले आणि गोदाजीराव घरचे यंत्र बंद करून मुद्दाम उन्हाचे रस्त्याने हिंडो लागले.

सारांश, पंतांचे समजाविणे कोणी ऐकिले नाही आणि काम मात्र फत्ते जाहले. खालल्या पेठेत पंखे फिरले, मथुराबाईचे लेकरू निजले आणि पंत ते दारातूनच पाहोन, वहाणा हाती घेऊन, पाय न वाजविता परतले. इति.