आवाज बंद

धाकट्या सुनेने डोळे मिटले, घसा साफ केला आणि प्रार्थना सुरू केली.

दर रविवारी सगळं कुटुंब आपापल्या घरून फोनच्या व्हिडिओ कॉलवर जमे. एकाने प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची आणि मग आठवडाभर तिच्याबद्दल बोलायचं. मोठी जाऊ म्हणे तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येई. धाकटीची आज पहिलीच पाळी होती, आणि ते पाणी तिलाही हवं होतं.

म्हणून तिने भाजी चिरता चिरता, दुपटी वाळत घालता घालता पाठांतर केलं होतं. 'हे करुणासागरा'नंतर किती थांबायचं, आवाज कुठे कापरा करायचा, सगळं ठरलेलं. खरकट्या भांड्यांवर चादर टाकली होती. दात येतायत म्हणून किरकिरणारं बाळ नुकतंच खांद्यावर पेंगलं होतं. ते उठायला नको, म्हणून फोनचा आवाजही बारीक केला होता.

प्रार्थना झाली, आणि झाली ती अशी सुरेख की ती स्वतःवरच खूश झाली. तिने हळूच डोळे उघडले. पडद्यावर सगळे हातवारे करत होते. सासऱ्यांनी तर कान फोनला लावल्यामुळे त्यांच्या चौकोनात नुसता कानच होता.

तिने आवाज वाढवला.

"अगं, तुझा माइक बंद आहे! कधीचे ओरडतोय आम्ही!"

बाळ रडत होतं म्हणून मघाशी तिनेच तो बंद केला होता. तिने धडपडत बटण दाबलं. "आई, परत म्हणू?"

"राहू दे गं, उशीर झाला. मोठीच म्हणेल पटकन."

मोठीने लगेच सुरुवात केली. धाकटीने फोन ओट्यावर पालथा घातला आणि बाळाला थोपटत छताकडे पाहिलं.

"देवा, बघितलंस ना? एवढं पाठ केलं, ते गेलं पाण्यात. म्हणजे तू ऐकलं असशील म्हणा, पण तुझ्यासाठी नव्हतंच रे ते. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आईंसाठी होतं. आणि ताई तरी कुठे मनातलं म्हणतात? फोनवरून वाचतात! चष्म्यात ओळी दिसतात त्यांच्या. दमले रे मी. हे झोपत नाही, मीही झोपत नाही. भांडी चादरीखाली आहेत. तुला काय, चादरीखालचंही दिसतं. मला फक्त थोडं सांभाळ."

जावेचा आवाज कधीच थांबला होता.

धाकटीच्या हे लक्षात आलं, मग मघाशी दाबलेलं बटण आठवलं. माइक चालूच होता. तिने फोन सुलटा केला. सगळे चौकोन पुतळ्यांसारखे बसले होते. मोठीने चष्मा काढून हातात घेतला होता.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चादर कुठली? मी दिलेली निळी?"

"हो, आई."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "अशी प्रार्थना या घरात कुणी केली नव्हती गं. मी तर डोळे किलकिले करून कोण आलं, कोण नाही, तेच बघत बसते. पुढच्या रविवारीही तूच म्हण. आत्याबाई येणारेत. अशीच म्हण हं! ते 'दमले रे' तर नक्की घे."

ते पाणी शेवटी तिला मिळालं. सगळा आठवडा ती हवेत होती.

पुढच्या रविवारी नवरा स्वयंपाकघरात आला आणि दारातच थबकला. "अगं, मी आत्ताच घासून ठेवलेली भांडी परत सिंकमध्ये का रचतेयस? आणि हा काय चेहरा करतेयस?"

"कुठला?"

"हाच. दमल्यासारखा."

तिच्या हातातली कढई तशीच राहिली. मघापासून 'दमले रे'मधला 'रे' किती लांबवायचा, हेच ती घोळवत होती. काल रात्री तर बाळ छान झोपलं होतं!

वेळ झाली. आत्याबाई पुढे सरकून बसल्या, सासूबाईंनी पदर तयार ठेवला. धाकटीने बाळाला मांडीवर घेतलं, नीट बघून माइक बंद केला, फोनचा आवाजही पार बंद केला आणि डोळे मिटले.

"देवा, मी परत तेच करत होते बघ," ती पुटपुटली.

पडद्यावर हातवाऱ्यांचा कल्लोळ उसळला असणार. राहवेना, म्हणून तिने एक डोळा किलकिला केला. सगळे ओरडत होते. फक्त मोठ्या जावेच्या चौकोनात चष्मा बाजूला ठेवलेला होता, डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि कोपऱ्यात माइक बंद असल्याची लाल खूण होती.

धाकटीने डोळा झटकन मिटून घेतला. ते काही तिने बघायचं नव्हतं.