तासाले हजार

खोटं बोलून लग्न जुळवणारे लोक पायलीला पन्नास मिळतात. मी त्यातला नाही. साकोलीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं विकता विकता मी कितीतरी सोयरिकी जुळवल्या, आणि एकीतही खोटा शब्द बोललो नाही. माझी पद्धत सोपी आहे. खरं बोलायचं, पण अर्ध्यावर थांबायचं. उरलेलं अर्धं समोरचा माणूस आपल्या मनानं पूर्ण करतो, आणि आपल्यापेक्षा छान पूर्ण करतो!

ही पद्धत फक्त माझ्या साळ्यापाशी, म्हणजे वीरेंद्रपाशी, चालत नव्हती. वीरेंद्र नागपूरच्या एका विद्यापीठात जर्मन शिकवतो. दिसायला बरा, स्वभावाला गरीब, अंगावर डिग्र्या इतक्या की व्हिजिटिंग कार्डावर नावाला जागा उरत नाही. पण नोकरी तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवले तितक्या तासांचे पैसे. कायम जागेची जाहिरात निघणार निघणार म्हणता म्हणता त्याचे पुढचे केस निघून गेले. मुलीचा बाप विचारायचा, "परमनंट का?" हा भैताड लगेच म्हणायचा, "नाही जी." संपली सोयरीक. पोहे तसेच राहायचे आणि आम्ही परत.

यावेळी मात्र मामला वेगळा होता. आसगावच्या जागेश्वरजींची मुलगी मेघा, पवनीत एका दवाखान्यात नर्स. एका लग्नाच्या पंगतीत तिनं वीरेंद्रला विचारलं होतं, "सर, जर्मनमंदी इंजेक्शनले काय म्हणते?" हा म्हणाला, "श्प्रित्सं." ती इतकी हसली की तिच्या ताटातला भात उडाला. तेव्हापासून वीरेंद्रचं जेवणावरून मन उडालं.

माझी बायको रिता म्हणाली, "ह्या वेळेस माझ्या भावाचं जमलं नाही, त तुमी दुकानातच जेवा. युरिया हाये, डीएपी हाये."

म्हणून मी वीरेंद्रला गाडीतच बजावलं. "आज तू तोंड उघडायचं नाही. फक्त पोहे खायले उघडायचं."

"पण भाऊजी, त्याईनं पगार विचारला त?"

"मी सांगतो ना. खरंच सांगतो."

कोंढा गाव मागं टाकून आम्ही आसगावात शिरलो. जागेश्वरजींच्या अंगणात दोन ट्रॅक्टर उभे होते. धानाची शेती घरची, आणि ट्रॅक्टर भाड्यानं द्यायचा धंदा. या माणसाला जगातलं एकच गणित येतं, ते म्हणजे तासाचं. नांगरट किती तास, चिखलणी किती तास. कोणी मेलं तरी म्हणत असतील, चांगला चालला बिचारा, लय तास काढले.

बसलो. पाणी आलं. शकुंतलाबाई, म्हणजे मेघाची आई, पोहे घेऊन आल्या. मेघानं चहा ठेवला आणि वीरेंद्रकडे पाहून हळूच हसली. त्या हसण्यानं वीरेंद्र कप सोडून रिकामी बशीच प्यायला लागला.

जागेश्वरजींनी घसा साफ केला. "मंग पगार-पाणी कसं हाये जी सरायले?"

वीरेंद्रचं तोंड उघडलं. मी त्यात शब्द जाऊ दिला नाही. "तासाले हजार!"

जागेश्वरजींचा चमचा थांबला. "तासाले? तासाले हजार?"

"तासाले."

"म्हणजे माझ्या ट्रॅक्टरच्या भावानं!"

"बराबर ट्रॅक्टरच्या भावानं," मी म्हटलं.

ते बोटांवर मोजायला लागले. "दिवसाचे दहा तास धरले... महिन्याचे... अरे बाप्पा! अन् सिझनमंदी त बारा-बारा तास चालत असन?"

मी पोह्यातली मिरची बाजूला काढत बसलो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

"अन् डिझेल कोणाचं?" त्यांनी थेट वीरेंद्रलाच विचारलं.

वीरेंद्रला वाटलं, जाण्यायेण्याच्या गाडीचं विचारतात. "माझंच जी. पण पेट्रोल."

"मेंटेनन्स?"

"तोही माझाच."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर कायले जी? मीच चालवतो."

"वा!" जागेश्वरजींनी मांडीवर थाप मारली. "ड्रायव्हरचा खर्चच नाही. अवो, आयकलं का? महिन्याचे तीन लाख! पोह्यावर शेंगदाणे टाक अजून!"

शेंगदाणे आले. मागून चिवडा आला, आणि त्यामागून शेजारचे लोक आले. अर्ध्या तासात आसगावात बातमी गेली की जागेश्वरजींच्या घरी तीन लाखवाला जावई पोहे खाऊन राहिला आहे. बाहेरच्या ओट्यावर चप्पल ठेवायला जागा उरली नाही. एक म्हातारा येऊन वीरेंद्रला बोट लावून गेला. वीरेंद्रच्या कपाळाला घाम सुटला. "भाऊजी, सांगून टाकू का?" तो पुटपुटला. मी म्हटलं, "चिवडा खा."

इथवर सगळं माझ्या पद्धतीनं चाललं होतं. आणि नेमके तेव्हाच जागेश्वरजी म्हणाले, "सर, तुमी फॉरेन शिकवता ना? मंग एक फॉरेनचंच काम हाये. चाला."

वाडीमागं, बोडीच्या काठावर, एक रोवणा मशीन, म्हणजे धानाची लावणी करणारी मशीन, उभी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, शिंगाड्यांनी भरलेलं. मशीन जुनी, जपानी, कुठून तरी स्वस्तात आणलेली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होते, शेतातल्या बांध्या चिखलून तयार होत्या, पण मशीनला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. कारण दांड्यांवर सगळं जपानीत लिहिलेलं.

"वाचा जी," जागेश्वरजी म्हणाले. "तासाचे पैसे देतो मी, फुकट नाही."

वीरेंद्रनं चष्मा पुसला. "हे जपानी आहे जी. मी जर्मन शिकवतो."

"फॉरेनच ना?"

"फॉरेनच, पण..."

"आपली झाडीपट्टीची बोली अलग, नागपूरवाल्याची अलग. तरी समजते का नाही?"

गर्दी पाहत होती. मेघा पाहत होती. मी वीरेंद्रच्या पायावर पाय दिला आणि कानात म्हटलं, "बोल काही तरी. एक त पुढे असन, नाही त मागे असन."

वीरेंद्र त्या अक्षरांकडे असा पाहत होता, जशी परीक्षेत पोरं त्याच्या पेपरकडे पाहत असतील. शेवटी म्हणाला, "मले वाटते... हे 'मागे' असावं."

"झालं!" मी म्हटलं. "सराव मले आहे, मशीनचं मले कोणी सांगू नका. दुकानात काय माशा मारतो का?" आणि मी सीटवर चढून बसलो. मशीनचं तोंड बोडीकडे. मागे जायचं असल्यामुळे काळजी नव्हती.

इंजिन सुरू झालं. मी दांडी ओढली. मशीन पुढे निघाली.

वेग कासवाचा होता, हे मी मान्य करतो. पण निर्धार रेड्याचा होता. दोन्ही बाजूंनी सगळं गाव माझ्यासोबत पायी चालत होतं आणि सल्ले देत होतं.

"दुसरी दांडी ओढा जी!"

मी दुसरी ओढली. मशीननं मागचे पंजे हलवले आणि हवेतच रोवणा सुरू केला.

"उतरा ना जी खाली!"

"मशीन सोडू कशी? महागाची असन!"

"महागाची हायेच, उतरू नका!" हे जागेश्वरजी.

अशा विचारविनिमयात आम्ही बोडीपाशी पोहोचलो. मशीन थांबली नाही. नाक खाली करून पाण्यात शिरली, दोन बुडबुडे सोडले आणि बंद पडली. मी कमरेइतक्या गाळात, सीटवर तसाच बसलेला, स्टेअरिंग धरून, आणि चारी बाजूंनी शिंगाड्याचे काटे.

जागेश्वरजींनी आणि चार जणांनी धावत येऊन मशीन धरली. मला कोणी धरलं नाही. एकटा वीरेंद्र बुटासकट पाण्यात उतरला आणि "भाऊजी, भाऊजी" करत माझ्या काखेत हात घालून मला ओढायला लागला. नवीन पॅन्ट होती त्याची. आजच्यासाठीच शिवली होती.

काठावर मेघा आली. तिनं मोबाइलचा कॅमेरा त्या दांडीवर धरला. मोबाइलमधली बाई स्वच्छ मराठीत बोलली, "पुढे."

सगळ्यांचे डोळे वीरेंद्रवर. बोडीतल्या बेडकाचेसुद्धा.

जागेश्वरजी वीरेंद्रकडे वळले. "फोन फुकटात सांगून राह्यला, सर. मंग तुमाले तासाले हजार कायचे देते?"

ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर टेकचंदनं मशीनला साखळी बांधली आणि सवयीनं विचारलं, "मालक, तास कोणाच्या नावावर धरू?"

वीरेंद्र काठावर उभा होता. अंगावरून गाळ गळत होता. तो म्हणाला, "जी, मी एक सांगू का?"

मी चिखलातून म्हटलं, "नको." त्यानं ऐकलं नाही.

"तासाले हजार हे खरं आहे. पण हप्त्यात नऊच तास भेटते."

"नऊ?" जागेश्वरजी म्हणाले. "बाकी टाइम उभाच राह्यते का? काहून? जास्त चालवलं त गरम होते?"

"नियम आहे जी."

"उन्हाळ्यात?"

"बंद. दिवाळीत बंद, परीक्षेत बंद."

"अन् पैसे त हातोहात भेटत असन?"

"बिल वर जाते. सहा महिन्यानं निघते. कधी वर्षानं."

जागेश्वरजींना पहिल्यांदा वाईट वाटलेलं दिसलं. "लोक माझेही पैसे लटकवते. पण मी त्याच्या दारात जाऊन बोंबलतो. तुमी काय करता?"

"ईमेल करतो."

"आँ?"

"आमच्याकडे परमनंट सर आहेत. तेच पुस्तक, तोच फळा. त्याईले महिन्याच्या महिन्याले भरपूर पगार आहे."

"त्याईचं जर्मन जास्त पावरफुल हाये?"

"नाही जी. त्याईच्या वेळेस जाहिरात निघाली होती. अन् आता मोबाइल आला, पोरं कमी झाली. पोरं कमी की तास कमी. यंदा अर्धी पोरं जपानीकडे गेली."

"मंग तुमीही जपानीच शिकायचं होतं ना! माझी मशीन त वाचली असती."

कोणी हसलं. वीरेंद्र हसला नाही. त्यानं मेघाकडे पाहिलं. "हे मी पहिलेच सांगायले पाह्यजे होतं. पण पहिले सांगतो तेव्हा मुलगी बाहेरच येत नाही. मले तुमाले एकदा भेटायचं होतं."

मला भरून आलं. पायात काटेही होते, पण नुसतं त्यामुळे नाही.

घरात जाऊन मेघानं औषधाची पेटी आणली, मला खाटेवर पालथं घातलं, आणि म्हणाली, "काका, शिंगाड्याचा काटा वाईट. धनुर्वाताचं घ्या." मग वीरेंद्रकडे पाहून, "काय म्हणते सर?"

"श्प्रित्सं," वीरेंद्र पडल्या आवाजात म्हणाला.

ती हसली, आणि त्या हसण्याच्या भरात सुई जरा जास्तच आत गेली. मी ओरडलो. त्या ओरडण्यातच तिनं बापाला सांगून टाकलं, "बाबा, तासाचा हिशेब ट्रॅक्टरचा ठेवा. माझा पगार महिन्याच्या महिन्याले येते, आमचं भागन. तुमी सगळे मशीन धराले धावले. सर एकटे माणसाले धराले उतरले. मले पसंत हाये."

जागेश्वरजींनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पहिला ट्रॅक्टर घेतला तवा मलेही दोन साल तास नव्हते भेटत. पण तुही माय मले सोडून माहेरी नाही गेली."

"गेली होती," शकुंतलाबाई आतून म्हणाल्या. "तुमी आणाले आलते."

अशी ही सोयरीक जमली. पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं. आता अर्धवट बोलायचं नाही, अशी मी त्या खाटेवर पालथा पडूनच शपथ घेतली होती. म्हणून पत्रिकेवर स्वच्छ छापलं, 'चि. वीरेंद्र (तासावर)', आणि खाली दुकानाचा मोबाइल नंबर.

पत्रिका वाटून झाल्यावर एका सकाळी दुकानात फोन आला. अनोळखी शेतकरी, घाईत होता. "भाऊ, तुमच्याकडे तासावर हाये म्हणे. भाव काय?"

पत्रिका वाचून नवरदेवाचा पगार विचारत असेल, म्हणून मी म्हटलं, "तासाले हजार."

"चालते किती?"

शपथ आठवली. "हप्त्यात नऊ तास. उन्हाळ्यात बंद, दिवाळीत बंद. पैसे सहा महिन्यानं."

त्यानं तरी आशा सोडली नाही. "अन् रोटाव्हेटर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, हा भाड्याचा ट्रॅक्टर विचारतो आहे. पण शपथ म्हणजे शपथ. म्हटलं, "रोटाव्हेटर नाही. जर्मन आहे."

"जर्मन असो का जपानी, अशी मशीन ठेवलीच काहून भाऊ तुमी? देऊन टाका कोणाले तरी!"

"देऊन टाकली जी," मी म्हटलं. "आसगावच्या जागेश्वरजीले."

"अरारा," तो कळवळून म्हणाला. "गरीब माणसाले फसवलं ना तुमी!"

आणि त्यानं फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण खरं बोललो होतो.