रेडिओला वारस

फोन करावा की मेसेज पाठवावा, एवढाच प्रश्न होता. मी मेसेज पाठवायचं ठरवलं आणि तिथंच घात झाला.

फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. (समोरासमोरही चिकटते, पण तेव्हा निदान मान हलवता येते.) लिहायला मात्र मी घाबरत नाही. खरं तर घाबरायला हवं. मी नववीत शाळा सोडली त्या दिवशी मराठीच्या गुरुजींनी पेढे वाटले होते म्हणतात.

आधी घराबद्दल सांगतो. पिंपळीत ओढ्याकाठी आमचं घर आहे. सगळा गाव त्याला ‘रेडिओ’ म्हणतो. साठ वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या बांधकामावर एक तरुण आर्किटेक्ट साहेब आले होते. ते माझ्या आजोबांकडे, आप्पासाहेबांकडे, जेवायला असायचे. आजीच्या शेंगोळ्यांवर ते इतके खूश झाले की जाताना त्यांनी नव्या घराचा नकाशा काढून दिला आणि आजोबांनी तो तसाच्या तसा बांधला. कौलं नाहीत, पडवी नाही, गिलावासुद्धा नाही. सिमेंटचा लांबट चौकोन, त्याला भिंतभर आडवी फट ती खिडकी, आणि पुढची खोली कसल्याही खांबाशिवाय थेट ओढ्यावर आलेली. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी भला मोठा रेडिओ ओढ्यावर ठेवला आणि न्यायला विसरला. ‘रेडिओवाल्यांचं स्थळ’ ऐकून मनिषाला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नाआधी वाटलं होतं की आमचं दुकान आहे.

मनिषाच्या बहिणीचा इंदापूरला बंगला आहे. पुढं चार खांब, गेटवर दोन सिंह. मनिषा म्हणायची, “आपल्या घराचं दारच घावत न्हाय कुणाला. पाव्हणं मागनं येत्यात आन् म्हशीला रामराम घालत्यात.” शेवटी तिनं तिच्या भावाला, लखनला, सांगून टाकलं. लखनचा स्वतःचा जेसीबी आहे. सोमवारी येऊन तो रेडिओ कायमचा बंद करणार होता.

मला हे घर फार आवडतं. तसं मी कुणाला सांगितलं नव्हतं. (मी कुणालाच काही सांगितलेलं नसतं.) एमआयडीसीतल्या डेअरीत दिवसभर क्रेट धुऊन आलो की मी त्या पुढच्या खोलीत बसतो. खाली ओढा, समोर ऊस, आणि मध्ये आपण तरंगतोय असं वाटतं. सिंहांमध्ये बसून असं वाटेल का?

आणि त्याच आठवड्यात घरासमोर एक गाडी थांबली. त्यातून जास्मिन मॅडम उतरल्या. मूळच्या इंदापूरच्या, आता पुण्याच्या कॉलेजात आर्किटेक्ट होणाऱ्या मुलांना शिकवतात. रेडिओ पाडणार असल्याचं त्यांनी इंदापुरात ऐकलं होतं. त्या घराभोवती तीन चकरा मारून माझ्यासमोर आल्या. डोळे चमकत होते.

“हे आधुनिक वास्तुकलेचं रत्न आहे! याला वारसा दर्जा मिळालाच पाहिजे. रविवारी मी समितीला घेऊन येते. कुणी का बांधलेलं असेना, आता हे आपलं आहे. पाडायचं नाही!”

मला इतका आनंद झाला की मी मान हलवायचीसुद्धा विसरलो.

मनिषाला सांगितलं. ती म्हणाली, “बघू तर, पुण्याची माणसं खरंच नावाजत्यात का. न्हायतर सोमवारी लखन हायच.”

म्हणजे रविवारी घरात कौतुक करणारी चार माणसं हवीत. त्या आनंदात मी भावकीच्या ग्रुपवर लिहिलं:

‘आनंदाची बातमी! आपल्या घराला वारस मिळणार. रविवारी पुण्याच्या मॅडम तपासायला येणार. सर्वांनी यावे.’

दोनदा वाचून बघितलं. चूक काही दिसली नाही. (‘वारसा’चा शेवटचा काना गळला होता. एका काठीनं काय बिघडतं, असं वाटत असेल तर पुढं वाचा.) मनिषा त्या ग्रुपवर नव्हती. लग्नाला दोनच वर्षं झालेली, भावकीच्या मते ती अजून नवीन होती.

शनिवारी मोरगावहून एसटीनं दगडाबाई आत्या आल्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. त्यांच्यापुढं तेवढी माझी जीभ लहानपणापासून सुटते. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

“दिप्या, लबाडा, आत्याला आधी सांगायचं न्हाय व्हय रं?”

“मलाच आत्ता कळलं, आत्या. मॅडमनी बघितल्या बघितल्या सांगितलं.”

“नुसतं बघून?”

“व्हय. म्हणल्या, पुढचा भाग कसा झकास बाहेर आलाय!”

आत्यांनी अंगणात भांडी घासणाऱ्या मनिषाकडे वाकून बघितलं. “मला तर काय दिसंना बाई.”

“आपण रोजचं बघतो ना आत्या. जाणकाराला लगेच दिसतं.”

“असू दे, असू दे. पर नाव काढलंस हां आप्पांचं!”

कौतुक झालं की मला लाजायला होतं. मी मान खाली घालून म्हणालो, “माझं काय हाय त्यात आत्या? मी हातसुद्धा लावला न्हाय. सगळं त्या कारखान्यावरच्या साहेबाचं काम.”

डबा खाली पडला. लाडू म्हशीपर्यंत गेले.

“आन् मनिषा काय म्हणती?” आत्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

“तिला नकोच हाय. सोमवारी पाडूनच टाकू म्हणती. लखन येणार हाय.”

आत्या मटकन बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग उठल्या त्या गावदेवीसारख्या. “ऐक दिप्या. कुणाचं का असंना! आता आपल्या घरात हाय, म्हंजे आपलं हाय. पाडायचं न्हाय!”

मला भरून आलं. शब्दन् शब्द जास्मिन मॅडमचाच! मोरगावात राहून आत्यांना वास्तुकलेची एवढी जाण असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळपासून भावकीतल्या बायका यायला लागल्या. हिरवी साडी, नारळ, खारीक, चिंचा. मनिषाच्या हातातला झाडू काढून घेतला, तिला पाटावर बसवलं. ती कावरीबावरी झाली.

“एवढं कशाला? मॅडम तर घर बघायला येणार हायत.”

“येऊ देत. तू नुसती बस. वाकू नगंस.”

मनिषाला वाटलं, रत्नाच्या मालकिणीचा असाच मान असतो. ती खुशीत बसून चिंच चोखायला लागली. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

एवढ्यात घरघर ऐकू आली. लखन जेसीबी घेऊन दारात!

“दाजी, उद्या दुसरीकडं काम लागलंय. म्हनलं, आजच पाडून टाकू.”

माझी जीभ टाळूला. पण आत्या पुढं झाल्या. “अरं, मामा म्हणायचं का वैरी? लाज न्हाय वाटत?”

“आता मी काय केलं? अक्कानंच सांगितलं पाड म्हणून.”

“तिला काय कळतंय? पयलं हाय तिचं!”

“पयलं गेलं म्हणून काय झालं, आत्याबाई? दुसरं करू की! ह्याच्यापरीस देखणं!”

“आन् त्याला हे एवढं थोरलं यंत्र?”

“बारक्यानं न्हाय निघत.”

बायकांनी जी किंकाळी फोडली ती बारामतीत ऐकू गेली असेल. सगळ्या जेसीबीपुढं बसल्या. आत्या तर थेट पुढच्या बकेटात जाऊन बसल्या आणि ओरडायला लागल्या, “पाडू देणार न्हाय! पाडू देणार न्हाय!”

नेमकी तेव्हाच समितीची गाडी आली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांचे एक सद्गृहस्थ. ते गाडीतून उतरले आणि जागेवरच थिजले. चष्मा काढून पुसला. “जास्मिन, राज्यभर हिंडलो, पण एका घरासाठी बायाबापड्या यंत्रापुढं बसलेल्या मी आज बघतोय.”

“आमचं हाय ते!” आत्या बकेटातून गरजल्या. “जीव गेला तरी जपू!”

“बास,” अध्यक्ष म्हणाले. “आणखी काय बघायचं? दर्जा दिलाच म्हणून समजा.”

मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी. तोवर आत्यांनी बकेटातून उतरून जास्मिन मॅडमचा हात धरला होता.

“डाक्टरीणबाई, चला, पोर आत बसलीया. किती झालं त्येवढं सांगा.”

मॅडम आत आल्या, छताकडे बघितलं आणि प्रेमानं म्हणाल्या, “साठ वर्षं.”

मनिषानं तोंडातली चिंच बाहेर काढली.

“काय साठ वर्षं?” मनिषानं विचारलं.

आत्यांनी मोबाईल काढून तिच्या हातात दिला. तिनं मेसेज वाचला. मग हिरवी साडी बघितली, नारळ बघितला आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे बघितलं.

“अहो, काना कुठं हाय?”

मी जमिनीवर शोधल्यासारखं केलं.

“मग तो कारखान्यावरचा साहेब?” आत्या पुटपुटल्या.

“आजोबांना घराचा नकाशा ज्यांनी काढून दिला ते,” मी म्हणालो.

“अगं बाई, ते व्हय! त्यांनी मला लाल पेन्सिल दिल्ती!”

“कोण साहेब?” मनिषानं विचारलं.

“काय न्हाय, काय न्हाय,” आत्या म्हणाल्या आणि दोन चिंचा एकदम तोंडात टाकल्या.

सगळ्या बायका हसत सुटल्या. मनिषा मात्र ओटीतला नारळ घेऊन तडक बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. पण तिनं तो नारळ लखनच्या हातात दिला. “ने ते यंत्र. एवढ्या बायका माझ्यासाठी उन्हात बसल्या. आता रेडिओ पाडला तर त्यास्नी तोंड कसं दावू?” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पर दार कुठं हाय त्याची पाटी लावा. आन् ती मी लिवणार.”

आता घराला दर्जा आहे. पुण्याहून मुलं येतात, पुढच्या खोलीत बसून चित्रं काढतात. मनिषा त्यांना सगळं समजावून सांगते, ‘आधुनिक वास्तुकला’ न अडखळता म्हणते. इंदापूरच्या बहिणीला तर तिनं परवा सुनावलं, “सिंह काय, बाजारात मिळत्यात.”

आणि गेल्या महिन्यात खरोखरीची गोड बातमी आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलेली. मी आनंदानं वेडा व्हायचा राहिलो होतो. लगेच मोबाईल काढला. मनिषानं बजावलं, “अहो, ह्या येळी काना बघून लिवा हां.”

मी अगदी लक्षपूर्वक लिहिलं. एकेक अक्षर तपासलं. काना ठसठशीत दिला आणि पाठवलं: ‘आनंदाची बातमी! आमच्या घराला वारसा मिळणार.’

दिवसभर ग्रुपवर नुसते अंगठे आले. संध्याकाळी आत्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला:

“व्हय रं बाबा, कळलं! आता तो रेडिओ किती येळा वाजवशील?”