तेराव्या घरातली हलगी

काष्टीत गुलाबभाईंच्या दुकानात जळलेली पाण्याची मोटर घेऊन गेलात, तर "कधी मिळेल?" याचं उत्तर लगेच मिळत नाही. ते भिंतीवरच्या पत्र्याकडे बघतात, हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा. अकराव्या घरात हाय."

पत्र्यावर एक लाल दिवा डावीकडून उजवीकडे पळत असतो. तो टोकाला जाऊन पुन्हा पहिल्या घरात आला की गुलाबभाई सांगतात, "सोमवारी."

"मधीच बोललं की मोजनी चुकती," हे वर.

पत्र्यावर बटणांच्या आठ ओळी आहेत, प्रत्येक ओळीत सोळा घरं. मोबाईलवर बघून बघून त्यांनी तो स्वतः बनवलाय. त्याला स्टेप सिक्वेन्सर म्हणतात. बटण दाबलं की ते उजळतं आणि पळता दिवा त्या घरात आला की आवाज होतो. आवाज काढणारे डबे वेगळे, प्रत्येक ओळीला एक, तारांनी जोडलेले. पहिली ओळ ढोल, दुसरी ताशा, तिसरी झांज. आपली मोडलेली बँजो पार्टी ते या पत्र्यावर पुन्हा उभी करत होते. सात ओळी झाल्या. आठवी, हलगीची, जमेना.

"वाजती बरोबर, पर मेल्यावानी," म्हणायचे आणि डबा उघडून तारांना पुन्हा कथलाचा डाग द्यायचे.

त्या पार्टीत हलगी मी वाजवायचो. एक थाप माझी कायम किंचित मागं राहायची. "नवरदेव मांडवात पोचला, तुजी थाप आजून वेशीतच!" असं गुलाबभाई भर वरातीत ओरडायचे. पुढं मला शाळेत नोकरी लागली आणि ऐन लगनसराईत मी कोणाला न सांगता निघून गेलो. त्याच हंगामात पार्टी मोडली.

गेल्या दोन वर्षांत माफी मागायला मी तीनदा त्यांच्याकडे गेलो. नुसतं कसं जायचं, म्हणून प्रत्येक वेळी घरातला चांगला चालणारा पंखा दुरुस्तीला नेला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "मास्तर, पंख्याला काय बी झालं न्हाई. तुला काय झालंय?" मी पंखा उचलून परत आलो.

परवा बाजाराच्या दिवशी त्यांनीच बोलावलं. आठवी ओळ पुरी झाली होती. त्यांनी बटण दाबलं, अख्खी पार्टी वाजायला लागली आणि बाहेर शेळीवाले थांबले. मी कान देऊन ऐकलं. शिक्षकाची खोड, चूक लगेच सापडली.

"गुलाबभाई, तेराव्या घरात हलगी उशिरा वाजतेय. दिवा पुढं जातोय. बिघाड आहे."

त्यांनी हात वर केला. दिवा टोकाला जाऊन पहिल्या घरात आला.

"बिघाड न्हाई," ते म्हणाले. "तो तू हाईस. सरळ बसवली तवा कुनीतरी दुसराच वाजवतोय आसं वाटायचं. त्या एका घराला मला दोन वर्सं लागली."

इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलायला मी तोंड उघडलं. त्यांचा हात पुन्हा वर गेला. दिवा नवव्या घरात होता. तेराव्यात माझी थाप मागं राहून पडली, दिवा टोकाला गेला, पहिल्या घरात आला.

"हां," गुलाबभाई म्हणाले, "आता बोल."