सलीमभाईंची खुर्ची आणि वामनकाकांचा मंगळवार

लेकीच्या फोटोला लाईक द्यायचा असला, की आमचे ग्रंथपाल सलीमभाई खुर्चीवरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. खुर्चीवर असताना फोनवर फक्त वाचनालयाचं फेसबुक, स्वतःचं फक्त ओट्यावर. नांदुऱ्याच्या त्या वाचनालयात मी त्यांच्या हाताखाली लिपिक होतो. दिवसातून त्यांच्या दहा-बारा फेऱ्या मी रोज पाहायचो.

"एवढी उठबस काऊन करता?" मी एकदा विचारलं.

"खुर्चीले नातेवाईक नसते बे!"

एकदा फेसबुकवर टाकलेल्या नव्या पुस्तकांच्या यादीखाली त्यांच्या मोठ्या बहिणीनं लिहिलं, 'सलीम, तब्येत कशी आहे?' सलीमभाईंनी गंभीरपणे उत्तर टंकलं, 'वाचनालय सकाळी आठ ते अकरा उघडं असतं. धन्यवाद.' मग ओट्यावर जाऊन फोन लावला, "आपा, तब्येत मस्त हाये. पन तिथं काऊन इचारलं?"

त्या वर्षी बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली. वाचनालयाच्या फेसबुक पानावर किडक्या बोंडांचे फोटो येऊ लागले. सलीमभाईंनी कपाटातले शेतीचे जुने अंक धुंडाळले, कामाच्या पानांचे फोटो टाकले, एकेकाला उत्तर दिलं. शेवटी न चुकता 'आपला, ग्रंथपाल'.

संग्रामपूरकडच्या एका खेड्यातले वामनकाका दर मंगळवारी बसनं पुस्तकं बदलायला यायचे. ते सलग तीन मंगळवार आले नाहीत. मग सुनेच्या फोनवरून त्यांचा मजकूर आला : 'पुस्तकं पाठवून देतो. माझं कार्ड बंद करा. कपाशीची पऱ्हाटी उपटून राह्यलो. वाचनात जीव लागत नाही.'

सलीमभाईंनी टंकलं, 'आपला अर्ज मिळाला.' ते खोडलं. मग लिहिलं, 'कार्ड बंद होत नाही. रविवारी येतो. सलीम.'

"सलीमभाई, हे वाचनालयाच्या पानावरून गेलं!"

"जाऊ दे."

रविवारी माझ्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. अर्ध्या वावरातली कपाशी उपटून झाली होती. काकांनी बाज टाकली आणि पुस्तकं आणून ठेवली. सलीमभाईंनी त्यातली जाडजूड कादंबरी उचलली.

"काका, याच्यात त्या धाकट्या भावाचं काय झालं?"

"तुमी तं वाचली असंन."

"इसरलो. सांगा ना."

काका आधी अडखळत, मग हातवारे करत सांगू लागले. सून चहा घेऊन आली ती तिथंच दाराशी ऐकत बसली. कपातला चहा निवला. मधेच सलीमभाईंनी एक नाव मुद्दाम चुकवलं, तेव्हा काका चक्क रागावले. निघताना त्यांनी स्वतःच विचारलं, "याचा दुसरा भाग हाये काय?"

परतताना मी म्हणालो, "ती कादंबरी तुम्ही दोनदा वाचलीय ना?"

"चारदा."

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, "शबानाभाभी वारली, लेक सासरी गेली. घरी मी पुस्तक वाचतो, मिटतो, अन् घर चूप. काका मंगळवारी येऊन मले अख्खी गोष्ट सांगते. त्यायचं कार्ड बंद केलं असतं, तं मी कोनाशी बोललो असतो?"

मी गाडी जरा हळूच चालवली.

मंगळवारी काका बसमधून उतरताना दिसले. सलीमभाईंनी समोरच्या टपरीवर दोन चहा ओट्यावर पाठवायला सांगितले आणि कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"तासभर वाचनालय तू पाय," ते म्हणाले, "मले काम हाये."