तेराशे ऐंशी कोटी वर्षांचे अण्णा

आमच्या सोसायटीत पाणी आलं नाही की लोक सेक्रेटरीला फोन करतात. अण्णा देवरे मात्र हायड्रोजनपासून सुरुवात करतात.

"मुळात जा ताई, मुळात," रिकामी बादली घेऊन जिन्यात मला अडवत ते म्हणाले. "तेराशे ऐंशी कोटी वर्षांमागं विश्व झालं. हायड्रोजन तेव्हाचा. ऑक्सिजन मागनं, ताऱ्यांच्या पोटात शिजला. दोघं भेटले, पाणी झालं, पृथ्वीवर आलं, गंगापूर धरणात साठलं. इथवर सगळं सुरळीत. मग आमच्या टाकीत चढायलाच त्याला काय धाड भरलीय?"

"मोटर जळलीय, अण्णा."

"हां! म्हणजे विश्वाचा दोष नाही," असं म्हणून ते निश्चिंत मनानं वर गेले. बादली रिकामीच होती.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या घराच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे सटाण्याकडचे. आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि चौतीस वर्षं लेथ मशीनवर उभे राहिले. एकदा कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत त्यांना सांगितलं, की हे लोखंड जमिनीत आपोआप आलेलं नाही, ते एका मेलेल्या ताऱ्याचं आहे. सुट्टी संपली तरी अण्णा हातात लोखंडाचा तुकडा घेऊन नुसते उभे. मशीन बंद. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. पाहुणा आला की आधी मेमो दाखवतात, मग पाणी देतात.

त्यानंतर त्यांनी वाचनालयातलं तारे-ग्रहांवरचं एकही पुस्तक सोडलं नाही. बरं, वाचून गप्प बसावं, तर तेही नाही. एकदा कोथिंबीर मागायला आले आणि मी परातीत कणीक भिजवताना त्यांना दिसले. "थांबा! पाणी एकदम ओतू नका!" मला वाटलं, पिठात पाल पडली. तर हे परातीवर वाकून म्हणतात, "ही नुसती धूळ. नव्या नव्या सूर्याभोवती फिरतेय. आता कण कणाला चिकटतो. बघा, गुठळी झाली. मोठी गुठळी फिरता फिरता बारक्यांना गोळा करत जाते... झाली की नाही पृथ्वी?" मग त्या गोळ्यावर त्यांनी दुसरा छोटा गोळा आपटला, त्यातून उडालेला तुकडा बोटांवर धरला आणि चंद्र कसा झाला ते सांगत जिन्यानं वर गेले. माझी एक पोळी कमी झाली. कोथिंबीर ओट्यावरच राहिली.

त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस जगात एकच होतं. सुशीलावहिनी, त्यांची बायको. संध्याकाळी गॅलरीत वहिनी भाजी निवडायच्या आणि अण्णा समोर स्टुलावर बसायचे. आम्हा सगळ्यांशी मराठी बोलणारे अण्णा वहिनींशी मात्र अहिराणीत बोलत. "आयक व," अशी सुरुवात व्हायची आणि मेथीची जुडी संपेपर्यंत सूर्यमाला तयार व्हायची. मी एकदा वहिनींना विचारलं, "कंटाळा नाही का हो येत?"

"समजत काही नाही मला," वहिनी हसल्या. "पण चौतीस वर्षं त्या मशीनच्या आवाजात गप उभे होते ते. आता बोलू द्या की."

गेल्या दिवाळीनंतर आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या.

आपल्या नाशकात रामकुंडावर अस्थी टाकल्या की काही तासांत पाण्यात विरघळतात, असं मानतात. त्यासाठी लोक दोन-दोन दिवसांचा प्रवास करून परराज्यातून येतात. आम्ही रिक्षानं वीस मिनिटांवर. पण वहिनींचा लाल फडक्यात बांधलेला कलश अण्णांच्या गॅलरीत टांगलेलाच राहिला. कधी गर्दी आहे, कधी गोदावरीला पूर आहे, कधी गुडघा दुखतोय. मालेगावहून त्यांची मुलगी वैशाली मला फोन करायची, "मावशी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." मी सांगायला गेले की अण्णा म्हणत, "जमायला तेराशे ऐंशी कोटी वर्षं लागली. आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा मात्र मी चिडले. मला राग पटकन येतो आणि बोललेलं परत घेता येत नाही. "विश्वात काहीच नष्ट होत नाही, असं तुम्हीच सांगत फिरता ना? मग भिता कशाला?"

अण्णा उठून गॅलरीत गेले आणि कलशाच्या फडक्याची गाठ घट्ट करू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी सकाळी दारावर टकटक झाली. इस्त्रीचा शर्ट, हातात कलश. "वैशाली शनिवारी येतेय," ते म्हणाले. "त्याच्या आत उरकू. ती रडली तर मला आवरायचं नाही. तुम्ही येता का? एकट्यानं नाही जमायचं."

रामकुंडावर गुरुजींनी कूळ-गोत्र विचारलं. मी मनात म्हटलं, आता हे मुळात जाणार. पण विचारलं तेवढंच अण्णा हळू आवाजात सांगत गेले. मग पायरी उतरले, कलश पाण्यात कलता केला आणि पूर्ण रिकामा झाल्यावरही तसाच धरून ठेवला.

"झालं. आता मागं न बघता निघायचं," गुरुजी म्हणाले.

अण्णा निघाले नाहीत. ओल्या पायरीवर तसेच बसले. मीही शेजारी बसले. पाण्याकडे बघत ते बोलायला लागले.

"मला सगळं पाठ आहे, ताई. तिच्या हाडांतलं कॅल्शियम ताऱ्यांतलं. इथून वाहत जाईल, कुठल्या शिंपल्यात लागेल, कुठल्या मातीत लागेल. वाया काही जाणार नाही. पण इतकी वर्षं हिंडून हिंडून ते कण एकदाच असे जमले, की त्यांची सुशीला झाली. पुन्हा नाही हो जमायचे."

ऊन चढलं. आमच्या मागनं दुसऱ्या कुणाचा तरी कलश आला, त्यांची रडारड झाली, ते गेलेसुद्धा. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, चला. वर जाऊन चहा घेऊ."

"तुम्ही पिऊन या," पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "अजून तास-दीड तास ती इथंच आहे. तेवढं बसतो तिच्याजवळ."